बाजूचा डबा

मीराबाईनं नारळ आणला होता आणि शेवंती तो फोडू देईना. त्या रविवारच्या तंट्याला तिथून सुरुवात झाली.

"गाडीचा पहिला दिवस. नारळ नको?"

"आत्या, दीक्षा घेतली ना आपण? आता नारळ नाही."

"खोबरं खातेस की नाही तू?"

"खाते."

"मग ते फोडल्याशिवाय येतं कुठून?"

मोटारसायकलखाली गोणपाटावर उताणा पडलेला भिवा हसला आणि ऑइलचा थेंब त्याच्या तोंडात पडला. थुंकून तो म्हणाला, "मीरे, तो नारळ आत ने आणि पाट्यापाशी फोड. मामीला आमटीला खोबरं हवंच आहे. तुझंही झालं, हिचंही झालं."

"बापाचा न्याय बघा," मीराबाई म्हणाली आणि बडबडत आत गेली. पण जाताना नारळ तिनं मोटारसायकलच्या दिव्यावरून हळूच एकदा ओवाळला. शेवंतीनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पोरगी मास्तरीण व्हायला शिकत होती. कुठं सोडून द्यायचं, ते तिला कळायला लागलं होतं.

परळच्या त्या चाळीत तळमजल्यावरची शेवटची खोली भिवाची. शेवटची असल्यामुळं पुढच्या ओट्यालगत थोडी मोकळी जागा होती आणि ती आता कारखाना झाली होती. भिंतीला खिळे ठोकून पाने टांगलेले, ओट्यावर लोखंडी पकड बसवलेली, तेलाच्या डब्यांत निरनिराळे नटबोल्ट. भिवा गिरणीत माग दुरुस्त करायचा. सुटी झाली की लोक घरी जाऊन पाय पसरतात, हा घरी येऊन पुन्हा हातात पाना घ्यायचा. त्याला आधी असली खोड नव्हती. बायको राधा होती तोवर तोही ओट्यावर बसून बिडी ओढायचा आणि तिची बडबड ऐकायचा. राधा गेली आणि संध्याकाळ मोठी झाली. काय करावं ते कळेना. हात नुसते मांडीवर पडून राहायचे. तेव्हा त्याच्या दोस्तानं, कॉनरॅडनं, त्याला दंडाला धरून भायखळ्याच्या एका भंगारवाल्याकडं नेलं होतं. लढाईतून परत आलेली एक मोटारसायकल तिथं उकिरड्यावर पडलेली होती. चाकं वाकडी, इंजिनात चिमणीनं घरटं केलेलं. कॉनरॅड म्हणाला, "घे. ही चालू होणार नाही. तुला तेच पाहिजे."

पण चालू झाली. शिमग्याच्या सुमारास ती पहिल्यांदा फटफटली आणि सगळी चाळ गॅलरीत आली. मग भिवानं तिच्यासाठी बाजूचा डबा करायला घेतला. साइडकार म्हणतात ते चाळीत कुणी म्हटलं नाही. डबा म्हणजे डबा. नळ्यांचा सांगाडा, त्याला एक चाक, वर पत्रा, आत वेताची बैठक, गुडघे वाकवायला त्रास होऊ नये म्हणून पुढं लांब जागा, आणि चढायला एक बुटकी पायरी. पायरीला त्यानं तीन वेळा करवत लावली होती. आधी उंच झाली, मग बुटकी झाली, मग बरोबर झाली.

हे कुणासाठी, असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "भाजी आणायला. भायखळ्याहून."

भाजीला पायरी कशाला लागते, हे कुणी विचारलं नाही.

डबा होता सुंदराबाईसाठी. सुंदराबाई म्हणजे राधाची आई. जावयानं सासूला मामी म्हणायचं, ही त्यांच्याकडची रीत. राधा आजारी पडली तेव्हा म्हातारी कोकणातून तिची सेवा करायला आली आणि लेक गेल्यावर राहिली. तिचे गुडघे गेले होते. चाळीच्या फाटकाबाहेर ती पडत नव्हती. तरी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अश्रुधुराचे दिवस होते तेव्हा, राधाच्या सोबतीला आलेली असताना, तिनं ह्याच ओट्यावर बसून पळत येणाऱ्या पोरांचे डोळे पाण्यानं धुतले होते. आता पुढच्या रविवारी महाराष्ट्र होणार होता. शिवाजी पार्कला दिवे लागणार, म्हणून जो तो सांगत होता. एकदा भाकरी थापताना ती सहज बोलून गेली, "पोरांचे डोळे मी धुतले. आता ते दिवे बघतील आणि मी चूल बघीन." भिवा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं नळ्या आणल्या.

पण बोलला नाही हेच चुकलं होतं. कारण शिमग्याच्याच सुमारास म्हातारी एकदा सगळ्यांदेखत म्हणाली होती, "आता मी रामदासकडं गावाला जाते. लेक नाही त्या घरात सासू किती दिवस राहणार? लोक थुंकतील." रामदास तिचा पुतण्या. भिवाचा भाऊ शामराव गप्प, बहीण मीराबाई गप्प, भिवाही गप्प. मीराबाईच्या मनात होतंच की म्हातारी गेल्याशिवाय भावाचं दुसरं लग्न जमायचं नाही. भिवाच्या मनात उलटं होतं. पण जावयानं सासूला राहा म्हणायचं तरी कसं? लेकीच्या घरचं पाणी न पिणारी ती जुनी माणसं. राहा म्हटलं आणि तिला अपमान वाटला तर? आणि तिलाच मनापासून गावी जायचं असेल तर? त्याचं गप्प राहणं म्हणजे होकार, असं सगळ्यांनी धरलं. पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या आत तिला पोचवायचं, असं ठरून गेलं.

आणि आज शामराव तिकीट घेऊन आला.

"मंगळवारची दाभोळची बोट," त्यानं खिशातून तिकीट काढून दाखवलं. "रांगेत उभा राहून पायाचे तुकडे पडले. पण जागा चांगली मिळालीय, वरच्या डेकवर. दादा, ऐकतोस ना?"

"ऐकतो," भिवा गाडीखालून म्हणाला आणि आधीच घट्ट असलेला बोल्ट आणखी घट्ट करत राहिला.

तेवढ्यात कॉनरॅड आला. चर्चमधून सरळ आला होता, त्यामुळं अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. परळच्या रेल्वे वर्कशॉपात तो टर्नर होता आणि भिवाचा वीस वर्षांपासूनचा दोस्त.

"शर्ट काढ आधी," भिवा म्हणाला. "मागच्या खेपेला तुझ्या नॉर्मानं मला शिव्या घातल्या."

"तुला घातल्या? मला जेवण नाही दिलं रे. संडेचं जेवण." कॉनरॅडनं शर्ट काढून शेवंतीच्या हाती दिला. "बेबी, उंच टांग. तुझ्या बापापासून लांब."

मग डबा जोडायचं काम सुरू झालं. डबा ओट्यावर तयार होता, मोटारसायकल खाली अंगणात. दोन्ही वेगवेगळे बनलेले, आज पहिल्यांदाच एकत्र येणार होते. डब्याच्या कुशीला तीन पकडी होत्या. भिवानं मापं घेऊन खडूनं खुणा केल्या होत्या आणि कॉनरॅडनं एका गॅरेजात नेऊन त्या खुणांवर वेल्डिंग केलं होतं. शामराव पांढरपेशा, पोस्टातला कारकून. पण लोखंड दिसलं की त्याच्याही अंगात येतं. त्यानंही बाह्या सरसावल्या. तिघांनी उचलून डबा खाली आणला. पहिली पकड बसली. दुसरी बसली. तिसरी बसली ती तर अशी की कॉनरॅडनं भिवाच्या पाठीत थाप मारली.

"एक सूत फरक नाही! साला, गिरणीवाल्यानं रेल्वेवाल्याची लाज काढली."

शामराव मात्र दोन पावलं मागं जाऊन मान वाकडी करून बघत होता. तो रोज डोक्यावर टोपी ठेवून रस्त्याच्या कडेनं चालत कचेरीत जाणारा माणूस. त्याला जे दिसलं ते दोघा कारागिरांना दिसलं नव्हतं.

"दादा," तो म्हणाला, "गाडी रस्त्यावर डाव्या बाजूनं चालते ना?"

"मग?"

"मग डबा उजवीकडं का?"

कॉनरॅडनं गाडीकडं पाहिलं. भिवानं पाहिलं.

"म्हणजे," शामराव सावकाश म्हणाला, "माणूस डब्यातून उतरणार तो फुटपाथवर नाही. उतरणार तो बसखाली."

"भिवा," कॉनरॅड म्हणाला, "तू माप घेताना उभा कुठं होतास?"

"कुठं म्हणजे? गाडीसमोर. मशीनसमोर उभं राहतात तसा."

"दिव्याकडं तोंड करून?"

"मग काय पाठ करून?"

कॉनरॅड खाली बसला. त्याला हसू आवरेना. भिवाच्या ध्यानात आलं तेव्हा त्याचे कान तापले. उभा जन्म गेला मागासमोर. माग दुरुस्त करणारा मागाच्या पुढ्यात उभा राहतो आणि आपली उजवी बाजू तीच मागाची उजवी बाजू धरतो. मागावर कधी कुणी चढून बसत नाही. मोटारसायकलवर माणूस चढून बसतो आणि त्याचं तोंड फिरतं, हे त्याच्या हातांना कुणी सांगितलंच नव्हतं. गाडीची जी बाजू त्यानं फुटपाथची धरली, ती रस्त्याची बाजू निघाली.

"आणि तू?" भिवा कॉनरॅडवर उखडला. "तुला दिसलं नाही?"

"मला तू नुसता डबा दिलास. गाडी कुठं दिलीस? खडू दिसला तिथं मी वेल्डिंग केलं. आमच्या वर्कशॉपात साहेबाच्या खडूला कोण विचारतो?"

"इंग्रज गेले तरी ह्याचा साहेब गेला नाही," शामराव म्हणाला, आणि मग तिघेही हसत सुटले. आवाज ऐकून मीराबाई ओले हात घेऊन बाहेर आली. शेवंतीनं तिला समजावून सांगितलं, तशी तीही पदर तोंडाला लावून हसली. "आमचा दादा लहानपणी सदरासुद्धा उलटा घालायचा," ती म्हणाली.

हसणं चालूच होतं आणि सुंदराबाई दारात आली. एका हातानं चौकट धरलेली, दुसऱ्या हातात गाठोडं. मागं शेवंतीची जुनी पत्र्याची ट्रंक तिनं पायानं ढकलत आणली होती.

"जोडला का डबा?" ती म्हणाली. "मग आजच बघून घेते, ट्रंक आणि गाठोडं दोन्ही मावतं का. मंगळवारी ऐन वेळेला घाई नको."

"मंगळवारी?" भिवा म्हणाला.

"धक्क्यावर सोडायलाच केलात ना हा डबा?" म्हातारी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तसं टॅक्सीनं सोडलं असतंत तरी चाललं असतं, जावयबापू. एवढे दिवस राबलात. पण बरं वाटलं. लेक नसताना कोण जावई सासूला पोचवायला गाडी करतो? गावात सांगीन मी."

वरच्या मजल्यावर कुणीतरी रेडिओ लावला होता, तो ऐकू यायला लागला.

भिवाच्या हातातला पाना खाली आला. संध्याकाळमागून संध्याकाळ ही बाई दारात बसून आपल्याला नळ्या कापताना बघत होती, चहा आणून देत होती, दिवा धरत होती, आणि तिला वाटत होतं की हे आपल्याला घालवून द्यायचं काम चाललंय. आणि तरी ती दिवा नीट धरत होती.

"मामी," तो म्हणाला, "ही धक्क्यासाठी नाही केली."

"मग?"

"दिवे बघायला केली. शिवाजी पार्कचे. तुमच्यासाठी."

"दिवे रविवारी," मीराबाई मध्येच म्हणाली. "बोट मंगळवारी आहे, दादा."

"बोट जाऊ दे."

"जाऊ दे म्हणजे? शिमग्याला ठरलं तेव्हा तू होतास ना तिथं?"

"होतो. गप्प होतो."

"मग आता काय झालं?"

भिवा हात पुसायला लागला. चिंधी काळी होती, हात आणखी काळे झाले. त्याला बोलता येत नसे. गिरणीत संपाच्या वेळी सभेत उभं केलं होतं तर "मी फिटर आहे" एवढं म्हणून खाली बसला होता. पण आता बसायला जागा नव्हती.

"मीरे, तू राधाचं नाव घेतेस तेव्हा आवाज बारीक करतेस," तो म्हणाला. "शामही करतो. कॉनरॅड तर टोपी काढतो. तुम्ही सगळे चांगलेच आहात. पण ही एकटी तिला शिव्या देते. उलथणं सापडलं नाही की म्हणते, राधीनंच ठेवलं असंल कुठंतरी, गधडीनं. दोन वर्षं झाली, अजून म्हणते. मी कामावरून येतो आणि ऐकतो, तेव्हा मला वाटतं, घरात आहे. शेजारी पाणी भरायला गेलीय, एवढंच. ही गेली तर घरात उलथणं हरवलं तरी कुणी ओरडणार नाही."

शेवंती ओट्याच्या खांबाला टेकून उभी होती. ती आत गेली नाही, तिनं डोळेही पुसले नाहीत. "आजी, मलाही वाटतं, तू नको जाऊस," ती एवढंच म्हणाली.

"तिकीट मी काढलं ते तू गप्प होतास म्हणून," शामराव म्हणाला. "मला काय हौस होती रांगेत उभं राहायची? दादा, तुला बोलायला पैसे पडतात का रे?"

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?" मीराबाई त्याच्यावर उसळली. "काल माझ्या घरी जेवताना काय म्हणालास?"

"काल मटण होतं ताई. मटण असताना मी तुझ्याच बाजूनं असतो."

कॉनरॅड खो खो हसला. मीराबाईलाही हसू आलं, पण तिनं ते दाबलं. ती वाईट नव्हती. भाऊ एकटा दिसला की तिला रात्री झोप लागत नसे, म्हणून तिची ही घाई होती. ती पुन्हा म्हणाली, पण आता हळू, "अरे, पण लोक काय म्हणतील? लेक नाही, आणि सासू जावयाच्या घरात. उद्या शेवंतीला बघायला येतील तेव्हा विचारतील ना?"

"विचारू देत," शेवंती म्हणाली. "ज्याला माझी आजी चालणार नाही, त्याला मी चहाच देणार नाही."

"आणि तसंही," भिवा म्हणाला, "लोक आधी उलटा डबा बघतील. सासूकडं बघायला त्यांना सवड कुठली?"

आता सगळे म्हातारीकडं बघायला लागले. ती अजून दारातच होती. गाठोडं तिनं छातीशी धरलं होतं. तिनं भिवाकडं पाहिलं नाही. आधी डब्याकडं पाहिलं, मग पायरीकडं. बराच वेळ ती त्या पायरीकडंच बघत होती.

"मला कुणी राहा म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "मी म्हटलं जाते, आणि सगळे म्हणाले बरं. मी म्हणाले ते तुम्ही राहा म्हणावं म्हणून. एवढंसुद्धा कळू नये का रे माणसांना?"

"नाही कळलं, मामी," भिवा म्हणाला.

"दिव्याकडं तोंड करून उभं राहणाऱ्याला कुठलं कळणार!" कॉनरॅड म्हणाला, आणि तिढा सुटल्यासारखं झालं.

"शेवंते, हे गाठोडं आत टाक," म्हातारी म्हणाली. "आणि मीरे, तू इकडं ये. ते मंगळवारचं तिकीट वाया घालवू नकोस. तूच जा."

"मी?" मीराबाई ओरडली. "मी कशाला?"

"रामदासकडं माझा वाल पडलाय, कुळीथ पडलाय. आंबे उतरले असतील. लग्न झाल्यापासून कोकण बघितलंस का तू? नवरा चार दिवस हातानं शिजवून खाईल. तुझ्या नवऱ्याला तेवढी शिक्षा पाहिजेच."

मीराबाई विचारात पडली. नवऱ्याची शिक्षा तिला पटलेली दिसली. "वरच्या डेकवर आहे ना रे शाम?" तिनं विचारलं.

"वरच्या डेकवर. वाऱ्यात."

"पण धक्क्यावर मी त्या डब्यातून जाणार नाही. बसखाली उतरायला मला वेड नाही लागलं."

"मंगळवारपर्यंत होत नाही," कॉनरॅड म्हणाला. "पकडी कापायच्या, दुसऱ्या अंगाला लावायच्या, पायरी फिरवायची. पण रविवारच्या आत करतो. भिवा, ह्या वेळी खडू मी धरणार. तू गाडीवर बसून राहायचं, पुढं तोंड करून. उतरायचं नाही."

"रविवारच्या आत नक्की?" म्हातारीनं विचारलं.

"नक्की, मावशी. नाहीतर नॉर्माला सांगा, जेवण बंद कर."

सुंदराबाई ओट्याची पायरी उतरली. भिवानं हात पुढं केला. तिनं त्याच्या काळ्या हाताकडं पाहिलं, नाक मुरडलं आणि त्याचा खांदा धरला. डब्याजवळ येऊन तिनं पायरीवर पाय ठेवला. गुडघा कुरकुरला नाही. ती आत बसली, लुगडं सारखं केलं, बैठकीच्या वेतावरून हात फिरवला आणि सरळ समोर बघितलं.

"मामी, उतरा, अजून उलटा आहे तो," भिवा म्हणाला.

"अंगणात कुठली बस येतेय? बस तू गाडीवर."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त बघतोस? आपण मुहूर्त बघत नाही आता. विचार तुझ्या लेकीला."

भिवा गाडीवर बसला. दोनदा लाथ मारली तरी गाडी बोलली नाही. तिसऱ्यांदा फटफट सुरू झाली आणि सगळा डबा थरथरायला लागला. म्हातारीनं दोन्ही हातांनी कडा धरल्या. गाडी निघाली ती उजवीकडंच ओढ घेत निघाली. डब्याचं वजन तिकडं होतं. सरळ जायचं नावच घेईना. शेवटी भिवानं तिला तिच्या मनासारखं वळू दिलं आणि ती नळाभोवती गोल गोल फिरायला लागली. पाणी भरायला आलेल्या पोरी हंडे घेऊन बाजूला पळाल्या. शामराव मागून पळत ओरडत होता, "सावकाश, दादा, सावकाश!" मीराबाई त्याच्याहून मोठ्यानं ओरडत होती, पण काय ते तिलाही माहीत नव्हतं.

एक फेरी झाली. गॅलऱ्यांत माणसं यायला लागली. दुसऱ्या फेरीला पहिला मजला भरला. कुणीतरी शिट्टी मारली. भिवानं जरा वेग कमी केला आणि वाकून, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं, "थांबवू का मामी? लोक बघायला लागले."

म्हातारीनं डोक्यावरचा पदर नीट केला, ताठ बसली आणि मान वर करून बघितलं.

"थांबवतोस कशाला रे भिवा?" ती ओरडली. "दुसऱ्या मजल्यावरच्या अजून बाहेर आल्या नाहीत. फिरव!"